आधी शिक्षक, मग सेलो

पुण्यात मुलाला तबला शिकवायचा म्हटलं तर शेजारच्या सोसायटीत क्लास सापडतो. व्हायोलिनसाठी फार तर दोन पेठा ओलांडाव्या लागतात, पं. अतुलकुमार उपाध्ये यांच्या व्हायोलिन अकादमीनं ते वाद्य इथल्या कित्येक घरांत पोचवलं आहे. सेलोचं तसं नाही. मुलीनं यूट्यूबवर कुठेतरी सेलो पाहिला आणि 'मला हेच शिकायचंय' म्हणून हट्ट धरला, की आईबाबा आधी ऑनलाइन किमती बघतात. आठवड्याभरात दारात मोठं खोकं येऊन पडतं आणि शिकवणार कोण, याचा शोध मग सुरू होतो. हा क्रम उलटा करा. आधी शिक्षक, मग वाद्य, आणि परीक्षा सगळ्यांत शेवटी. एवढं पाळलंत तरी पुढचा निम्मा मनस्ताप वाचेल.

पुण्यात या वाद्याचे शिक्षक थोडे, त्यामुळे एक तडजोड फार लवकर समोर येते. 'मी व्हायोलिन शिकवतो, सेलोही शिकवीन, शेवटी तंत्र तेच.' चार तारा, गज, पडद्यांशिवायची पट्टी हे सगळं सारखं असल्यामुळे आपल्यालाही ते पटतं. हात मात्र अजिबात सारखा नसतो. पूर्ण मापाच्या व्हायोलिनची वाजती तार साधारण ३३ सेंटिमीटर लांब असते, सेलोची ६९-७० सेंटिमीटर. त्यामुळे व्हायोलिनवर शेजारच्या दोन बोटांत सहज पूर्ण स्वराचं अंतर बसतं, तर सेलोवर पट्टीच्या वरच्या टोकाशी, म्हणजे पहिल्या जागी, शेजारच्या दोन बोटांत अर्ध्या स्वराचं.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना हे लगेच कळेल. सेलोच्या चार तारा जाड तारेकडून बारीक तारेकडे पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन आणि पांढरी सहा अशा लावलेल्या असतात. पांढरी दोनची मोकळी तार सा धरा. पहिलं बोट टेकलं की शुद्ध रे, दुसरं टेकलं की कोमल ग, तिसऱ्याला शुद्ध ग आणि करंगळीला म. शेजारची मोकळी तार आपसूक प. तिच्यावर पहिलं बोट ध, तिसरं शुद्ध नी, करंगळी वरचा सा. म्हणजे हात जागचा न हलवता दोन तारांवर अख्खं बिलावल वाजतं, आणि दोन्ही तारांवर बोटांचा क्रम एकच: मोकळी, पहिलं, तिसरं, चौथं. गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलाला हे सांगून बघा. परक्या वाद्याची निम्मी भीती तिथेच जाते.

व्हायोलिनच्या सवयीचे शिक्षक मुलाची बोटं पूर्ण स्वराच्या अंतरानं ताणायला लावतात. त्या ताणानं अंगठा दांडीला चिमट्यासारखा आवळतो, मनगट आत मोडतं आणि दोन-तीन महिन्यांत हात दुखायला लागतो. गज धरण्यातही फरक आहे. व्हायोलिनवर करंगळीचं टोक काठीच्या माथ्यावर उभं राहतं. सेलोवर सगळी बोटं काठीवरून खाली उतरतात आणि खांद्यापासूनच्या पूर्ण हाताचं वजन तारेवर जातं. गज दाबायचा नसतो, त्यावर हात विसावायचा असतो. चुकीचा हात एकदा बसला की तो सोडवणं नव्यानं शिकण्यापेक्षा जड जातं. म्हणून महिन्यातून एकदाच का होईना, पण ज्याचं स्वतःचं मुख्य वाद्य सेलो आहे अशा माणसाच्या नजरेखालून मूल जायला हवं.

असा माणूस शोधायचा कुठे? जिथे सेलो वाजतो तिथे जा. कॅम्पात दस्तुर शाळेच्या माझदा हॉलमध्ये पूना म्युझिक सोसायटीच्या मैफिली होत आल्या आहेत. अशा मैफिलीला मुलाला घेऊन जा, आणि संपल्यावर मंचाजवळ जाऊन वादकांशी बोला. हे लोक गर्दीला सरावलेले नसतात, लहान मुलाचा प्रश्न आला की खुलून बोलतात. वाद्यांच्या मोठ्या दुकानांत चौकशी करा, पण ती 'कोण शिकवतं' याची. 'कोणता घेऊ' हे तूर्त विचारू नका. शहराबाहेरही बघा. मुंबईत २००६ साली नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये (एनसीपीए) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला आणि पुढे त्याच्या जोडीला मुलांसाठी संगीत अकादमी आली. १९९५ साली स्थापन झालेलं मेहली मेहता म्युझिक फाउंडेशनही मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवतं. मुंबईतल्या सेलोवादकाकडे महिन्यातून एक रविवार आणि मधल्या आठवड्यांत ऑनलाइन धडा, ही व्यवस्था पुण्याच्या कुटुंबाला जमण्यासारखी आहे. संपूर्ण शिक्षण ऑनलाइन मात्र पहिल्या वर्षी नको. खांदा उचललेला आहे की नाही, अंगठा किती आवळलाय, हे पडद्यावर कळत नाही. आणि स्वर लावून देणारं माणूस घरी नसेल तर तास खुंट्या पिळण्यातच जातो.

शिक्षक भेटले की एक धडा बसून बघू द्या, असं सरळ सांगा. पहिली पाच मिनिटं नीट बघा. जाणकार शिक्षक आल्याआल्या मुलाची खुर्ची बघेल, सेलोखालची टोकदार दांडी, म्हणजे एंडपिन, किती बाहेर काढायची ते ठरवेल, चारही तारा स्वतः लावेल आणि मगच गज हातात देईल. सुरुवातीचे काही धडे तारा बोटांनी छेडण्यात आणि मोकळ्या तारांवर लांब गज ओढण्यात गेले तर निराश होऊ नका. ते चांगलं लक्षण आहे. पहिल्याच दिवशी मोबाइलवर व्हिडिओ काढून 'बघा, गाणं वाजवलं' म्हणणाऱ्यांपासून मी तरी सावध राहीन.

शिक्षकांचा स्वतःचा सेलो धड्याला असतो का, हेही विचारा. घरी येऊन शिकवणारे शिक्षक दुचाकीवरून येत असतील तर पाठीवर सेलो घेऊन येणार नाहीत, आणि मग तुमच्या मुलाच्या पाव मापाच्या वाद्यावर वाजवून दाखवणार. मुलाच्या कानावर भरदार नाद पडतच नाही. अशा वेळी मुलालाच त्यांच्याकडे न्यावं, ट्रॅफिकचा त्रास सोसून.

आठ वर्षांखालच्या मुलाला अर्धा तास पुरतो, मोठ्याला पाऊण तास. लहानांसाठी आठवड्यातून एक लांब धडा घेण्यापेक्षा दोन छोटे बरे, निदान पहिले काही महिने. फीबद्दल बोलताना आकड्याइतक्याच महत्त्वाच्या गोष्टी सुरुवातीला मोकळेपणानं ठरवून घ्या: मूल आजारी पडलं तर धडा बुडाला की पुढे ढकलला, दिवाळी आणि मे महिन्याचं काय, शिक्षकांचे दौरे असतील तेव्हा काय. पुढचे बरेच रुसवेफुगवे यातूनच होतात. आणखी एक गोष्ट संकोच न करता ठरवा. सेलो शिकवताना शिक्षकांना मुलाचा खांदा, कोपर, मनगट हातानं नीट करावं लागतं. चांगले शिक्षक आधी विचारतात आणि आई किंवा बाबा खोलीत बसलेले त्यांना आवडतं. दार बंद ठेवण्याचा आग्रह असेल तर दुसरीकडे बघा. जपानच्या शिनिची सुझुकींच्या पद्धतीत तर पालकानं धड्याला बसणं हा शिकवण्याचाच भाग आहे. वहीत टिपून घ्यायचं आणि आठवडाभर घरी तेच बघायचं, एवढं काम पालकाकडे. तुम्हाला वाजवता यायची गरज नाही.

आता वाद्य. सेलो एक अष्टमांश, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत मिळतो. अर्धा म्हणजे लांबीनं निम्मा नव्हे, ही नुसती नावं आहेत. ढोबळ हिशेब असा: पाच-सहा वर्षांच्या मुलाला एक अष्टमांश, सहा ते आठला पाव, आठ ते अकराला अर्धा, अकरा ते तेराला पाऊण, त्यानंतर पूर्ण. पण वय हा फक्त अंदाज आहे. उंची आणि पंजा बघून शिक्षकच ठरवतील. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो. सेलो तसा घ्यायचा नसतो. मोठ्या मापाच्या वाद्यावर बोटं ताणली जातात आणि वर सांगितलेलं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं. माप बघायला मुलाला खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसवा, पावलं जमिनीवर सपाट. सेलोचा वरचा काठ छातीच्या मधल्या हाडाला टेकला पाहिजे, गुडघ्यांनी दोन्ही बाजूंना हलका आधार दिला पाहिजे आणि सगळ्यांत जाड तारेची खुंटी डाव्या कानाच्या आसपास आली पाहिजे.

दर दोनएक वर्षांनी माप बदलणार, म्हणून लहान मापाचं वाद्य शक्यतो भाड्यानं किंवा वापरलेलं घ्या. ज्यांची मुलं मोठी झाली त्यांच्या घरी अर्धा-पाऊण सेलो पडून असतो, आणि शिक्षकांना अशी घरं ठाऊक असतात. शिक्षक आधी शोधायचं हेही एक कारण. नवीन घेतलंच तर भडक रंगाचे स्वस्त सेलो टाळा. बघायचं ते हे: चारही तारांना टेलपीसवर, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवायच्या तुकड्यावर, बारीक सूर जुळवण्याचे स्क्रू आहेत का, घोडी सरळ उभी आहे का, तारा पट्टीपासून इतक्या उंच तर नाहीत ना की मुलाला दाबताच येणार नाहीत, गजाची काठी एका डोळ्यानं बघितली तर वाकडी दिसत नाही ना, आणि एंडपिन वजन टाकल्यावर आत घसरत तर नाही. खोक्यातून आलेला सेलो बहुतेक वेळा जसाच्या तसा वाजवण्याजोगा नसतो; घोडी बसवून घ्यावी लागते. सगळ्यांत बारीक तार एक जादा घरात ठेवा. तुटली तर बहुधा तीच तुटते, आणि पुण्यात लहान मापाची तार त्याच दिवशी मिळेल याची खात्री नाही.

दुरुस्तीला कुणाकडे द्यायचं, हा नाजूक विषय. सतार-तानपुऱ्याचे मिरजेचे कारागीर अख्ख्या देशात नावाजलेले आहेत आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सेलोची रचना निराळी आहे. त्याची घोडी चिकटवलेली नसते, केवळ तारांच्या दाबानं उभी असते. आत साउंडपोस्ट नावाची एक लाकडी दांडी असते, तीही नुसती पाठ आणि पोट यांच्यामध्ये अडकवलेली. दुरुस्ती करणाऱ्यानं पूर्वी व्हायोलिन घराण्यातली वाद्यं हाताळली आहेत का, हे विचारल्याशिवाय वाद्य देऊ नका. आणि घरच्या घरी फेविकॉल कधीच नाही! उन्हाळ्यात सेलोची कड उकलते, तार छेडली की पत्र्यासारखी थरथर येते, आणि घरातला हौशी कारागीर बाटली घेऊन धावतो. सेलो मुद्दाम सरसानं जोडलेला असतो, कारण लाकूड आकसलं की सांधा उकलावा पण लाकूड फुटू नये, आणि सांधा पुन्हा उघडता यावा. फेविकॉलनं चिकटवलेल्या कडेवर पुढच्या खेपेला लाकूडच चिरतं.

आपली हवा या वाद्याला दोन्हीकडून छळते. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी खुंट्या सैल पडतात आणि सूर घसरतो. जुलैत त्याच खुंट्या फुगून बसतात आणि हलता हलत नाहीत. जोर करू नका, शिक्षकांसाठी ठेवा, तोवर टेलपीसवरच्या स्क्रूंनी काम भागवा. गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे असतात, पावसाळ्यात ते लांबतात आणि उन्हाळ्यात आखडतात. वाजवून झालं की गज दर वेळी सैल करायचा, उन्हाळ्यात तर नक्कीच. ताणलेला राहिला तर काठी वाकते, क्वचित मोडतेही. केसांना बोट लावू नये, कारण हाताचं तेल लागलं की तेवढ्या भागावर गजाला लावायची राळ धरत नाही. वाजवल्यावर तारांवर आणि लाकडावर पडलेली राळेची पांढरी भुकटी मऊ कोरड्या फडक्यानं पुसायची. पॉलिश, स्पिरिट, खोबरेल काही नको. सेलो एसीच्या झोतात, कूलरसमोर किंवा बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकून ठेवू नका. आणि एप्रिलमध्ये बंद गाडीत 'दहाच मिनिटं' म्हणून सोडून जाऊ नका. रिक्षातून न्यायला हरकत नाही, मुलाशेजारी उभा धरून. दुचाकीवर मात्र नको, मागे बसणाऱ्यानं कितीही आश्वासन दिलं तरी.

घरात खास खोली लागत नाही. सपाट बैठकीची, हात नसलेली खुर्ची लागते. मागे कललेली प्लॅस्टिकची खुर्ची चालत नाही. गुडघा कमरेच्या किंचित खाली आला पाहिजे. लहान मुलासाठी जुन्या स्टुलाचे पाय सुताराकडून कापून घेणं हा सगळ्यांत स्वस्त आणि पक्का उपाय. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर एंडपिन सटकते. तिच्यासाठी रबरी अडथळा किंवा खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा मिळतो. तो येईपर्यंत योगासनांच्या मॅटचा तुकडा चालेल, सतरंजी नाही, ती स्वतःच घसरते. मॅटचा आणखी फायदा असा की सेलोचा खर्ज एंडपिनमधून फरशीत आणि तिथून खालच्यांच्या छतात उतरतो, तो थोडा अडतो. तरी दुपारी एक ते चार या वेळेत वाजवू नये. पुण्यात याचं कारण द्यायला नको.

रियाज रोज, पण थोडा. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, दात घासण्याच्या वेळेइतकी ठरलेली. सेलो कव्हरात घालून कपाटामागे ठेवलात तर तो रोज निघणार नाही. कोपऱ्यात सुरक्षित आडवा, कुशीवर ठेवलेला असेल तर मूल येताजाता उचलतं. शिक्षक पट्टीवर बोटांच्या जागा दाखवायला चिकटपट्ट्या लावतील, त्याला विरोध नको. पण डोळ्यांच्या जोडीनं कानही कामाला लावा. फोनवरच्या तानपुऱ्याचा सा पांढरी दोनला लावून सोडा आणि मुलाला त्यावर सावकाश सा रे ग म वाजवू द्या. पहिलं बोट केसभर चुकलं तरी तानपुऱ्याशी भांडण ऐकू येतं, आणि मूल आपण न सांगता बोट सरकवतं. पाश्चात्त्य धड्यात हे कदाचित कुणी सांगणार नाही. आपल्या घरात तानपुरा आहे, मग का वापरू नये?

पहिलं वर्ष सरलं की खरी अडचण सुरू होते, ती एकटेपणाची. तबल्याच्या क्लासात दहा मुलं असतात. सेलो शिकणारं मूल शाळेत बहुधा एकटंच. गोव्यात डॉ. लुईस डायस यांनी २००९ साली सुरू केलेलं चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन गरीब घरांतल्या मुलांना व्हायोलिन, व्हायोला, सेलो शिकवतं, आणि मुलं तिथे एकमेकांबरोबर वाजवतात. खासगी धड्यात हेच हरवतं. म्हणून शिक्षकांना सांगून तुमच्या मुलाची व्हायोलिन किंवा पियानो शिकणाऱ्या एखाद्या मुलाशी जोडी लावून द्या. महिन्यातून एका शनिवारी दोघांनी मिळून एक सोपी चाल वाजवली तरी पुरे. सेलोचा स्वभावच साथीला उभं राहण्याचा आहे. आपल्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत तो दशकानुदशकं वाजला. राहुल देव बर्मन यांचे सहायक, बासू-मनोहारी जोडीतले बासू चक्रवर्ती सेलोवादक होते. मुलाला जुनी गाणी लावून त्यातला सेलो शोधायला सांगा. बऱ्याच मोठ्यांनाही तो सापडत नाही.

काही पालकांचा प्रश्न असतो, की यावर आपलं राग-संगीत वाजेल का? वाजतं. हॉलंडच्या सास्किया राव-द हास यांनी व्हायोलिनवादक पं. डी. के. दातार आणि पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्याकडे शिकून, खाली मांडी घालून वाजवता येईल असा सेलो घडवून घेतला. अमेरिकेच्या नॅन्सी लेश कुलकर्णी यांनी रुद्रवीणेचे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडून ध्रुपद घेतलं आणि ते सेलोवर आणलं. दोघीही आधी खुर्चीवर बसून रीतसर सेलो शिकल्या होत्या, हे ध्यानात ठेवा. मींड सुंदर निघते म्हणून पहिल्या वर्षीच ती काढायला लावू नका. बोटाची जागा पक्की नसेल तर मींड आणि चूक यांतला फरक मुलाला कळत नाही.

परीक्षांचं मी शेवटी ठेवलं, आणि तुम्हीही ठेवा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक-प्रवेशिकेसारख्याच इथे ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन ब्रिटिश मंडळांच्या पायऱ्या आहेत, इनिशियल आणि मग पहिली ते आठवी ग्रेड. एबीआरएसएममध्ये सहावी ग्रेड आणि पुढे जायचं तर साधारणपणे आधी पाचव्या ग्रेडची थिअरी उत्तीर्ण व्हावी लागते. ट्रिनिटीत तशी अट नाही. दोन्हींत घरून व्हिडिओ पाठवून देण्याच्या परीक्षाही आहेत. दीड-दोन वर्षं नीट वाजवल्यावर पहिली परीक्षा दिली तर मुलाला स्वतःचा अंदाज येतो. पण वर्षभर तीनच तुकडे घोकून दर वर्षी एक ग्रेड, असा कारखाना सुरू झाला की मुलाला त्या तीन तुकड्यांपलीकडे काही वाजवता येत नाही. शिक्षकांना विचारा, परीक्षेच्या यादीबाहेरचं यंदा काय काय वाजवून घेणार? उत्तर चाचरत आलं तर ते वर्ष परीक्षा नको.

नववी-दहावीत बरीच मुलं थांबतात. थांबू द्या. तासाला जाणं बंद झालं तरी आठवड्यातून दोनदा सेलो बाहेर निघत असेल तर पुष्कळ आहे. अगदीच निघत नसेल तर तो माळ्यावर टाकू नका. तारा थोड्या उतरवा, पण पूर्ण सैल करू नका, नाहीतर घोडी आडवी होते आणि आतला साउंडपोस्टही पडतो. गज सैल करून ठेवा, आणि शिक्षकांना फोन करून कळवा. पाऊण मापाची वाट बघणारं दुसरं मूल त्यांना बहुधा माहीत असेल.